सोनोग्राफीच्या टेबलावरची बाई आणि आमची समिती

डॉक्टरांच्या संघटनेची समिती म्हटली की आपल्या चळवळीतल्या बायकांच्या कपाळाला आठी पडते. त्यातून ती सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांची असेल तर विचारायलाच नको. या समित्या परिषदा भरवतात, मशीन विकणाऱ्या कंपन्यांच्या पैशाने जेवणावळी उठवतात आणि आपल्या सभासदापर्यंत कायद्याचा हात पोचू नये म्हणून धडपडतात, असा आपला सर्वसाधारण समज आहे. तो अगदीच निराधार आहे असे मीही म्हणणार नाही. पण या समित्यांकडे पाठ फिरवून आपण एक मोठी जागा मोकळी सोडली आहे, आणि त्याची किंमत सोनोग्राफीच्या टेबलावर आडवी झालेली बाई मोजते आहे, असे माझे मत झाले आहे. तेच इथे मांडते आहे.

मी रेडिओलॉजिस्ट आहे. तालुक्याच्या गावी माझे सोनोग्राफी केंद्र आहे, आणि जिल्ह्यातल्या स्त्री-संघटनेची मी जुनी सभासद आहे. दोन्ही घरची पाहुणी उपाशी, या म्हणीचा अनुभव पुरेपूर घेतला आहे. डॉक्टरांच्या बैठकीत मी 'त्या मोर्चावाल्या बाई' असते आणि संघटनेच्या बैठकीत 'ती सोनोग्राफीवाली'. गेली सहा वर्षे मी रेडिओलॉजिस्टांच्या जिल्हा पातळीवरच्या संघटनेत, गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याचे काम पाहणाऱ्या समितीवर आहे. संघटनेचे नाव लिहीत नाही. नाव बदलले तरी चित्र फारसे बदलणार नाही, हे इतर जिल्ह्यांतल्या मैत्रिणींशी बोलून मला कळले आहे.

ही समिती म्हणजे नेमके काय? संघटनेचे पदाधिकारी निवडून येतात. त्यांच्या हाताखाली चार-पाच समित्या असतात. कोणी व्याख्याने ठरवतो, कोणी वार्षिक परिषद, कोणी स्नेहसंमेलन. आमच्याकडे कायदा. समितीच्या सभासदांना मानधन नाही, कार्यालय नाही, कारकून नाही. दवाखाना आटोपल्यावर जो वेळ उरेल त्यात फॉर्म कसे भरायचे याची कार्यशाळा घ्यायची, नवा नियम आला की तो सगळ्यांना समजेल अशा भाषेत लिहून पाठवायचा, कोणाचे मशीन सील झाले की धावायचे, जिल्हाधिकाऱ्यांकडे निवेदन द्यायचे. काम सगळे स्वयंसेवी. म्हणूनच ते कोणी करावे, कशासाठी करावे आणि त्याचा जाब कोणाला द्यावा, हे प्रश्न कोणी कधी विचारत नाही.

थोडा इतिहास आठवू या, कारण नव्या मैत्रिणींना तो ठाऊक नसण्याची शक्यता आहे. १९८० च्या दशकात मुंबईत गर्भजल परीक्षेचा धंदा राजरोस चालत होता. १९८६ साली डॉ. संजीव कुलकर्णी यांनी मुंबईतल्या ५० स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी केली, तेव्हा त्यांतले ४२ जण लिंगनिदानासाठी ही परीक्षा करत असल्याचे दिसले. स्त्री-संघटना, आरोग्य चळवळीतले कार्यकर्ते, वकील आणि काही डॉक्टर यांनी मिळून लिंगनिदान व लिंगनिवडविरोधी मंच उभा केला. त्या लढ्यातून १९८८ साली महाराष्ट्राचा कायदा झाला. देशातला तो असा पहिला कायदा. पुढे १९९४ साली केंद्राचा कायदा आला, १ जानेवारी १९९६ पासून तो लागू झाला. तो कागदावरच राहिला म्हणून २००० साली 'सेहत', 'मासूम' आणि डॉ. साबू जॉर्ज यांना सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. त्यानंतर यंत्रणा हलली आणि २००३ साली दुरुस्ती होऊन सोनोग्राफी यंत्रांवर आणि गर्भधारणेपूर्वीच्या लिंगनिवडीवरही कायद्याची नजर आली.

या सगळ्या प्रवासात डॉक्टर व्यक्ती म्हणून होते, आणि त्यांचे मोल मोठे आहे. डॉक्टरांच्या संघटना मात्र संघटना म्हणून आघाडीवर नव्हत्या. दरम्यान महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या १९९१ साली ९४६ होती, ती २००१ साली ९१३ आणि २०११ साली ८९४ झाली. बीड जिल्ह्यात २०११ साली ती ८०७ होती. हे आकडे कोणा एका सासूने घडवलेले नाहीत. प्रत्येक आकड्यामागे एक मशीन आहे, ते चालवणारा हात आहे, आणि त्या हाताला आपला म्हणणारी एखादी व्यावसायिक संघटना आहे.

आता दुसरी बाजू. ती आपल्या व्यासपीठावर क्वचितच ऐकू येते, म्हणून सांगते. प्रत्येक गरोदर बाईच्या सोनोग्राफीसाठी 'फॉर्म एफ' भरावा लागतो. त्यातली उणीव किंवा चूक ही कायद्याच्या उल्लंघनाइतकीच गंभीर मानली जाते, आणि तसे नव्हते हे सिद्ध करण्याची जबाबदारी डॉक्टरवर असते. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद. एखादा रकाना कोरा राहिला, तारीख चुकली म्हणून मशीन सील होते आणि गावातली एकुलती एक सोनोग्राफी महिनोन्‌महिने बंद पडते. 'चोर सोडून संन्याशाला फाशी' ही आमच्या बैठकीतली सर्वांत लाडकी म्हण आहे. याच रागातून सप्टेंबर २०१६ मध्ये देशभरातल्या रेडिओलॉजिस्टांनी संप केला. स्त्रीरोगतज्ज्ञांची राष्ट्रीय संघटना हाच मुद्दा घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेली. ३ मे २०१९ रोजी न्यायालयाने निकाल दिला की नोंदी नीट न ठेवणे ही निव्वळ कारकुनी चूक नाही. नोंद हाच या कायद्याचा कणा आहे.

मला तो निकाल पटतो. लिंगनिदान बंद खोलीत, एका इशाऱ्यावर होते. त्याचा साक्षीदार नसतो. मागे उरतो तो फक्त कागद. तो कागदही ढिला सोडला तर पकडायला काहीच उरत नाही. पण हेही खरे की कागद पूर्ण भरणारा माणूस आतल्या खोलीत काय सांगतो ते कागदाला कळत नाही. मग डॉक्टरांची समिती काय करते? ती आपली सगळी शक्ती कागद पूर्ण भरण्यावर लावते. आमच्या कार्यशाळांचे विषय काढून पाहिले तर जवळजवळ सगळे एकाच प्रश्नाभोवती फिरतात: सभासद अडकू नये म्हणून काय करावे? सभासदाची काळजी संघटनेने घ्यावी, त्यात वावगे काही नाही. पण ज्या बाईसाठी हा कायदा झाला ती या सगळ्या चर्चेत कुठे आहे?

ती कधी कधी सापडते, आणि तीही मोठ्या गमतीशीर ठिकाणी. २०११ साली कोल्हापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांनी सोनोग्राफी यंत्रांना प्रत्येक तपासणीची नोंद ठेवणारे उपकरण बसवण्याचा आणि फॉर्म ऑनलाइन भरण्याचा आदेश काढला. रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेने त्याला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. त्यातला एक मुद्दा होता रुग्ण स्त्रीच्या खासगीपणाचा. न्यायालयाने आव्हान फेटाळले. खासगीपणाचा प्रश्न खोटा होता असे मला म्हणायचे नाही. कोणाच्याही पोटातली चित्रे कुठे साठतात, कोण बघते, हा प्रश्न आजही जिवंत आहे. मला एवढेच विचारावेसे वाटते की जी संघटना बाईच्या खासगीपणासाठी उच्च न्यायालयापर्यंत जाऊ शकते, तिच्या सभासदांच्या केंद्रांत टेबलाभोवती साधा पडदा का नसावा?

मैत्रिणींनो, तुम्ही सगळ्याजणी कधी ना कधी या टेबलावर आडव्या झाल्या आहात. आठवून बघा. बाहेरच्या टेबलाशी बसलेली व्यक्ती चारचौघांत मोठ्याने विचारते, "पाळी कधी आली होती?" पुढचा प्रश्न, "लग्न झालंय ना?" लघवी भरली पाहिजे म्हणून लिटरभर पाणी प्यायला लावतात आणि मग दीड-दोन तास बसवून ठेवतात. शेवटी जाववत नाही, तर संडासाला कुलूप, नाहीतर आत पाणी नाही. आत गेल्यावर 'साडी खाली करा' एवढाच हुकूम. पांघरायला चादर नाही. दार उघडेच, त्यातून माणसे ये-जा करतात. आतून सोनोग्राफी करायची म्हणजे काय करणार हे कोणी सांगत नाही. नळी हातात घेतल्यावरच बाईला कळते. डॉक्टर पुरुष असेल तर सोबत मावशी किंवा नर्स असेलच याची खात्री नाही. आणि तपासणी झाल्यावर रिपोर्ट जातो नवऱ्याच्या हातात, नाहीतर सासूच्या. जिच्या पोटाचा रिपोर्ट, तिला कोणी विचारत नाही.

यातले काही फौजदारी गुन्हे नाहीत. यासाठी धाड पडत नाही, मशीन सील होत नाही, वर्तमानपत्रात बातमी येत नाही. कायदा इथे पोचत नाही, आणि पोचवायचा म्हटला तरी तो पोलिसांच्या मार्फत पोचवण्यासारखा नाही. ही जागा व्यवसायाने स्वतःला लावून घ्यायच्या शिस्तीची आहे. म्हणजेच आमच्यासारख्या समितीची आहे. म्हणून मी म्हणते की समितीचे काम गौण समजून सोडून देऊ नका.

आमच्या समितीत यातून दोन-तीन भांडणे झाली. ती सांगण्यासारखी आहेत.

पहिले भांडण एका पोस्टरवरून. प्रत्येक केंद्रात 'इथे गर्भलिंग तपासणी केली जात नाही, तो कायद्याने गुन्हा आहे' असा फलक स्थानिक भाषेत लावावाच लागतो. त्याशिवाय संघटनेने जनजागृतीचे पोस्टर काढायचे ठरवले. मजकूर तयार होऊन आला: भ्रूणहत्या हे महापाप, आई तूच वैरीण होऊ नकोस, वगैरे. सोबत रडणाऱ्या बाळाचे चित्र. मी आणि समितीतली दुसरी बाई, आम्ही दोघींनी हे पोस्टर अडवले. 'हत्या' हा शब्द आला की गर्भपात करून घेणारी प्रत्येक बाई खुनी ठरते. चळवळीने हा शब्द टाळावा असे आपल्यातल्या अनेकजणी वर्षानुवर्षे सांगत आल्या आहेत. गुन्हा गर्भपाताचा नाही. मुलगी नको म्हणून केलेल्या निवडीचा आणि ती निवड विकणाऱ्याचा आहे. आणि 'आई तूच' म्हणजे काय? खुद्द कायदा असे गृहीत धरतो की बाईवर नवऱ्याने किंवा नातेवाइकांनी सक्ती केली. मग आमच्या पोस्टरला कायद्यापेक्षा कठोर होण्याचे कारण काय? तीन बैठका या एका कागदावर गेल्या. "शब्दांचा कीस पाडता," असे ऐकून घेतले. शेवटी पोस्टरवर रडणारे बाळ आले नाही. साधे वाक्य आले: लिंग विचारणे आणि सांगणे गुन्हा आहे, गर्भपात कायदेशीर आहे, तुमच्यावर सक्ती होत असेल तर आम्हाला सांगा.

या मधल्या तीन शब्दांवरून दुसरे भांडण झाले, आणि ते जास्त खोल आहे. 'गर्भपात कायदेशीर आहे' हे सोनोग्राफीच्या खोलीत लिहायला माझे सहकारी घाबरत होते. आपल्या दोन कायद्यांची लोकांच्या मनात, अधिकाऱ्यांच्या मनात, इतकेच काय डॉक्टरांच्याही मनात अशी काही सरमिसळ झाली आहे की लिंगनिदानाविरुद्धची प्रत्येक मोहीम गर्भपाताच्या वाटेवर काटे पसरते. २०१२ साली बीड जिल्ह्यात परळीला आणि २०१७ साली सांगली जिल्ह्यात म्हैसाळला बेकायदा गर्भपातात बाया मेल्या, तेव्हा ती प्रकरणे उघडकीस आली. संताप झाला तो योग्यच होता. पण अशा प्रत्येक प्रकरणानंतर तपासण्यांचा धडाका सुरू होतो आणि नियमाने काम करणारे डॉक्टरही हात आखडता घेतात. आठ आठवड्यांची गरोदर बाई गर्भपातापूर्वीच्या सोनोग्राफीला येते आणि तिला परत पाठवतात. 'उगाच झंझट नको.' वास्तविक सोनोग्राफीत लिंग खात्रीने दिसायला बारा-तेरा आठवडे उलटावे लागतात आणि बहुतेक गर्भपात त्याआधीच होतात. आठव्या आठवड्यात हाकललेली बाई जाते कुठे? भोंदूकडे जाते, औषधाच्या दुकानातून मिळेल ती गोळी घेते, किंवा वाट बघत राहते आणि आठवडे वाढवते.

आठवडे वाढणे ही गोष्ट साधी नाही. २०२१ साली दुरुस्त झालेल्या गर्भपाताच्या कायद्यानुसार २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते. २० ते २४ आठवड्यांत दोन डॉक्टरांचे मत लागते आणि तीही मुभा ठरावीक गटांतल्या स्त्रियांना आहे. गर्भात गंभीर व्यंग असेल तर त्यापुढेही परवानगी मिळू शकते, पण ती वैद्यकीय मंडळाकडून. या मंडळावर स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञाबरोबर रेडिओलॉजिस्ट किंवा सोनॉलॉजिस्ट असावा असे कायदाच सांगतो. गर्भातली व्यंगे नीट दिसतात ती साधारण अठराव्या ते विसाव्या आठवड्याच्या तपासणीत. म्हणजे आमच्याकडची एक तारीख पुढे ढकलली, आमचा एक रिपोर्ट मोघम लिहिला गेला, की बाईच्या हातातून कायद्याने दिलेली मुदत निसटते. तरीही आमच्या वार्षिक कार्यक्रमात लिंगनिदानाच्या कायद्यावर दरवर्षी व्याख्यान असायचे आणि गर्भपाताच्या कायद्यावर एकही नसायचे. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रीलाही २० ते २४ आठवड्यांतला हक्क आहे असे सांगितले आणि सज्ञान बाईची संमती पुरेशी आहे, नातेवाइकांच्या संमतीसारख्या कायद्यात नसलेल्या अटी डॉक्टरांनी घालू नयेत, असेही बजावले. तो निकाल समितीत वाचून दाखवला, तेव्हा कुठे एक व्याख्यान लागले. "नवऱ्याला घेऊन या" असे सांगण्याची सवय किती केंद्रांत आहे ते त्या दिवशीच्या प्रश्नांवरून कळले. फॉर्म एफमध्ये नवऱ्याचे नाव सक्तीचे आहे असे अनेकांना प्रामाणिकपणे वाटत होते. तिथे नवऱ्याचे किंवा वडिलांचे किंवा आईचे नाव चालते, हे फॉर्मवरच छापलेले आहे.

तिसरे भांडण सर्वांत कडू. एका सभासदाला सापळा रचून पकडले. संघटनेने ठराव आणला: सभासदाच्या पाठीशी उभे राहायचे, वकिलाचा खर्च निधीतून द्यायचा. आम्ही दोघींनी विरोध केला. रकाना कोरा राहिला म्हणून अडकलेल्याला जरूर मदत करा; लिंग सांगितल्याचा आरोप ज्याच्यावर आहे त्याला स्वतःचा वकील स्वतः करू द्या. निकाल लागेपर्यंत त्याला दोषी म्हणू नका, पण संघटनेचे पैसे आणि नाव त्याच्या दिमतीला देऊ नका. हा फरक एकदा मान्य केला की 'चोर सोडून संन्याशाला' ही तक्रार करण्याचा नैतिक अधिकार आपल्याला मिळेल. चोराला आणि संन्याशाला एकाच निधीतून वकील देणाऱ्याने ती म्हण वापरू नये! ठराव त्या रात्री मंजूर झाला नाही. पुढच्या सभेवर ढकलला गेला आणि तिथेच पडून आहे. विजय म्हणावा असे हे नाही. पण पूर्वी असे ठराव टाळ्यांच्या गजरात दोन मिनिटांत होत, हेही मला माहीत आहे.

आता या 'स्वयंसेवी' शब्दाकडे येते. बिनमोल काम बायकांना नवे नाही. घरात तेच, संघटनेत तेच. पण गंमत अशी की जिथे बिनमोल कामाला प्रतिष्ठा आहे, तिथे बायका दिसत नाहीत. आमच्या समितीची बैठक रात्री साडेनऊला, हॉटेलात. ज्या डॉक्टर बाईच्या घरी लहान मूल आहे किंवा अंथरुणाला खिळलेली सासू आहे, ती येणार कशी? आली तरी कार्यवृत्त लिहायचे काम तिच्याकडे, कारण 'तुमचं अक्षर छान आहे मॅडम'. स्नेहसंमेलनाच्या समितीवर मात्र बायकांची नावे मागून घेतात. मग निर्णयाच्या खोलीत बायका नसल्या की टेबलाभोवतीचा पडदा, चादर, संडास हे विषय 'किरकोळ' होतात. आम्ही बैठक रविवारी सकाळी अकराला, एकीच्या दवाखान्यात घ्यायची असे भांडून ठरवले. पहिल्याच महिन्यात आणखी तीन डॉक्टर बाया आल्या. क्रांती वगैरे काही झाली नाही. पण विषयपत्रिका बदलली.

त्यातूनच आम्ही एक पानाची नियमावली केली. मोठे शास्त्र त्यात नाही. पाळीची तारीख बाहेर चारचौघांत विचारू नये. नावापुढे 'सौ.' की 'कु.' हे विचारू नये, लिहू नये. पाणी कधी प्यायचे ते नंबर जवळ आल्यावर सांगावे. खोलीला लागून कडी लागणारा, पाणी असलेला संडास असावा. टेबलाभोवती पडदा आणि अंगावर चादर असावी. आतून तपासणी करायची असेल तर आधी समजावून सांगून होकार घ्यावा आणि सोबत मदतनीस बाई असावी. बाई नको म्हणाली तर दुसरा मार्ग सुचवावा. चढायला पायरी असावी, कारण नवव्या महिन्यातली बाई आणि अपंग बाई त्या उंच टेबलावर चढू शकत नाही. आणि रिपोर्ट बाईच्या हातात, तिला दोन वाक्यांत समजावून द्यावा. पोटात काय दिसले हे तिने पहिल्यांदा ऐकावे. लिंग सोडून बाकी सगळे जाणून घेण्याचा तिला हक्क आहे. लिंग सांगायची बंदी आहे म्हणून बाईशी बोलणेच बंद करणाऱ्या डॉक्टरांना हे मुद्दाम सांगावे लागते.

ही नियमावली सगळ्यांनी भिंतीवर लावली असे नाही. काहींनी वाटाण्याच्या अक्षता लावल्या. पण काहींनी पडदे लावले, आणि एका पुरुष सहकाऱ्याने मला सांगितले की सोबत मावशी उभी राहायला लागल्यापासून त्याच्याही मनावरचा ताण कमी झाला.

माझ्या चळवळीतल्या काही मैत्रिणींचा आक्षेप मला माहीत आहे. 'डॉक्टरांनी स्वतःला शिस्त लावायची म्हणजे कुंपणाला शेताची राखण सांगायची,' असे त्या म्हणतात. लिंगनिदानाच्या गुन्ह्यापुरता तो आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. तिथे समितीने तपास करू नये, तडजोड करू नये, तक्रार आली तर ती स्वतःच्या खिशात ठेवू नये. सरळ समुचित प्राधिकाऱ्याकडे द्यावी. समिती कायद्याला पर्याय होऊ शकत नाही. पण कायदाही समितीला पर्याय होऊ शकत नाही. चादर, संडास, होकार, भाषा, वेळेवर दिलेली तारीख यांसाठी प्रत्येक वेळी कोर्टात जाता येणार नाही. दुसरे असे की तंत्र थांबलेले नाही. आता आईच्या रक्तातूनही गर्भाचे लिंग कळू शकते. यंत्रावर पहारा ठेवला तरी तंत्र वापरणाऱ्या माणसाच्या सदसद्‌विवेकावर पहारा कोण ठेवणार? ते काम त्याच्या बरोबरीच्या माणसांनाच करावे लागेल, आणि त्या बरोबरीच्या माणसांवर आपला दबाव असावा लागेल.

म्हणून माझ्या काही सूचना आहेत. तुमच्यापैकी कित्येकजणी कायद्याखालच्या सल्लागार समित्यांवर आहात. तीन सामाजिक कार्यकर्त्यांपैकी किमान एक स्त्री-संघटनेची असलीच पाहिजे असे कायदा सांगतो, आणि दोन बैठकांत साठ दिवसांपेक्षा जास्त अंतर नसावे असे नियम सांगतो. त्या बैठका वेळेवर होतात का ते तपासा, आणि तिथे फक्त फॉर्मची चर्चा होऊ देऊ नका. या सल्लागार समितीच्या वैद्यकीय तज्ज्ञांमध्ये कायद्याने स्त्रीरोग, प्रसूती, बालरोग आणि आनुवंशशास्त्र यांची नावे घेतली आहेत, रेडिओलॉजिस्टांची नाहीत. म्हणजे तुमची आणि आमची भेट तिथे आपोआप होत नाही. ती मुद्दाम घडवावी लागेल. तुमच्या जिल्ह्यातल्या रेडिओलॉजिस्टांच्या आणि स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनांना पत्र लिहा. त्यांच्या समितीवर स्त्री-संघटनेची एक प्रतिनिधी घ्या, मताचा अधिकार नसला तरी चालेल पण बसण्याची खुर्ची द्या, अशी मागणी करा. गावातल्या केंद्रांची पाहणी करा: पडदा आहे का, संडास आहे का, सोबत बाई असते का, रिपोर्ट कोणाच्या हातात देतात. पाहणी झाली की पहिल्यांदा ती त्या समितीपुढे ठेवा. उत्तर आले नाही तर मग वर्तमानपत्र आहेच, आणि आपले पाय तर मोर्चाला सरावलेले आहेत.

आणि डॉक्टर मैत्रिणींनो, तुम्हाला वेगळे सांगते. समितीवर जा. 'राजकारण नको' म्हणून दूर राहू नका. तुम्ही दूर राहिलात तरी राजकारण होतेच, फक्त ते तुमच्याशिवाय होते. वेळ नाही ही अडचण खरी आहे. म्हणून पहिली मागणी बैठकीची वेळ बदलण्याची करा. कार्यवृत्त लिहायला सांगितले तर जरूर लिहा, पण मग तुमचा विरोधही त्यात शब्दशः लिहा. पुढे कोणी विचारले तर तो कागद उपयोगी पडतो. कागदाचे महत्त्व या कायद्याने आपल्याला चांगलेच शिकवले आहे.

तुमच्या जिल्ह्यात काय परिस्थिती आहे? तुमचे अनुभव, आणि या लेखाशी मतभेद असतील तर तेही, संपादकांना जरूर कळवा. आमची एक पानाची नियमावली कोणाला हवी असेल तर मागून घ्या. त्यात भर घालून परत पाठवलीत तर आमच्या पुढच्या बैठकीत ती मी वाचून दाखवीन.